जमिनीलगतच्या हवेचा अभ्यासक : डॉ. एल. ए. रामदास

दरवर्षी २८ फेब्रुवारीला शाळाशाळांतून राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या तसबिरीला हार घातला जातो, निबंध वाचले जातात, प्रयोगांची प्रदर्शने भरतात. रामन यांच्याभोवती कोलकात्यात जमलेल्या तरुण संशोधकांची नावे मात्र त्या दिवशी सहसा कोणाच्या ओठी येत नाहीत. त्यांपैकी एक तरुण पुढे पुण्यात आला. त्याने काळ्या जमिनीवर तापमापी मांडल्या, मातीची ढेकळे तोलून पाहिली आणि भुईपासून हात-दीड हात उंचीच्या हवेत असे काही टिपले की, जगातील जाणकारांचा त्यावर पंचवीस वर्षे विश्वास बसला नाही. त्या तरुणाचे नाव लक्ष्मीनारायणपुरम अनंतकृष्णन रामदास. रामदास म्हटले की मराठी मन प्रथम सज्जनगडाकडे धावते, हे खरे. परंतु भारतातील कृषिहवामानशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो ते हे रामदास मूळचे केरळातील पालघाटचे, आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कसदार काम झाले ते पुण्याच्या मातीत.

त्यांचा जन्म १९०० सालचा. पालघाट तेव्हा मद्रास इलाख्याच्या मलबार जिल्ह्यात मोडत असे. सह्याद्रीची भिंत कन्याकुमारीच्या दिशेने जाताना एका ठिकाणी एकदम खचते आणि मोठी खिंड तयार होते. तीच पालघाटची खिंड. पश्चिमेचा पावसाळी वारा या खिंडीतून पलीकडच्या कोरड्या मुलखात शिरतो. अशा गावात वाढलेल्या मुलाला वाऱ्यापावसाचे वेड लहानपणीच लागले असेल, असे लिहिण्याचा मोह कोणत्याही चरित्रकाराला होईल. परंतु त्यांच्या उमेदीच्या वर्षांतील कामाकडे पाहिले तर तेथे वारा नाही की पाऊस नाही. तेथे आहे प्रकाश. योगायोग म्हणजे त्यांच्या जन्माचे वर्ष हे देशाच्या फार मोठ्या भागाला होरपळून काढणाऱ्या दुष्काळाचे वर्ष होते. विक्रम संवताच्या आकड्यावरून लोक त्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. त्याआधी १८७६ ते १८७८ या काळात मद्रास इलाखा आणि दख्खन यांनी त्याहूनही भीषण उपासमार पाहिली होती. पाणी कोठे जाते, हा प्रश्न या देशात केवळ विद्वत्तेचा कधीच नव्हता.

कोलकात्याच्या बहूबाजार रस्त्यावरील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत रामन यांनी आपली प्रयोगशाळा थाटली होती. साधने तुटपुंजी, पण कामाची धग मोठी. १९२१ साली समुद्रप्रवासात पाण्याचा निळा रंग पाहिल्यापासून प्रकाशाच्या विखुरण्याचा प्रश्न रामन यांनी सर्व बाजूंनी धसास लावला होता. द्रवाच्या अंतरंगात प्रकाश कसा विखुरतो याचा शोध काही विद्यार्थी घेत होते. रामदास यांच्याकडे आला तो द्रवाचा पृष्ठभाग. स्थिर दिसणारे पाणी खरोखर स्थिर नसते. रेणूंच्या अखंड धडपडीमुळे त्याच्या पृष्ठभागावर अतिशय सूक्ष्म तरंग उठत असतात आणि त्यांच्यामुळे प्रकाश किंचित विखुरतो. हा विखुरलेला प्रकाश आणि द्रवाचा पृष्ठताण यांचे नाते काय, या विषयावर गुरुशिष्यांचे निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात १९२५ साली प्रसिद्ध झाले. अशा कामात पृष्ठभागाची स्वच्छता हाच निम्मा प्रयोग असतो. धुळीचा एखादा कण किंवा बोटाच्या तेलकटपणाचा अंश पाण्यावर पडला, तर सगळी मेहनत वाया. पाणी आणि हवा जेथे भेटतात ती रेणूभर जाडीची सीमा हे एक स्वतंत्र जग आहे आणि तेथील अत्यल्प मळसुद्धा पाण्याचे वागणे पालटून टाकतो, हा धडा रामदास यांनी ऐन पंचविशीत गिरवला. तो त्यांना तीस वर्षांनी पुन्हा उपयोगी पडणार होता.

१९२८ साली रामन परिणामाचा शोध लागला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये नेचर या नियतकालिकात रामदास यांचे एक छोटेसे टिपण आले. या शोधाला रामन यांचे नाव जोडणाऱ्या अगदी पहिल्या लेखनात त्याची गणना होते. पुढे दोन वर्षांत रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांचे विद्यार्थी जिकडे तिकडे विद्यापीठांतून भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. रामदास यांना तीच वाट मोकळी होती. त्यांनी धरली ती सरकारी हवामान खात्याची. आज या निवडीचे नवल वाटते. रामन यांच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडून, जेथे दररोज ठरलेल्या वेळी तापमान, आर्द्रता आणि पाऊस यांचे आकडे वहीत भरायचे, अशा खात्यात जाणे अनेकांना पायरी उतरल्यासारखे वाटले असते. त्यांनी मात्र कोलकात्याचे भौतिकशास्त्र सोबत नेले आणि ते भुईवर उतरवले.

हवामान खाते स्थापन झाले १८७५ साली. त्याचे मुख्यालय आधी कोलकात्यात होते, मग सिमल्याला गेले आणि १९२८ मध्ये पुण्यात आले. शिवाजीनगरची ती दगडी, मनोऱ्याची इमारत पुणेकरांच्या तोंडी सिमला ऑफिस म्हणूनच राहिली. आजही रिक्षावाल्याला तेवढे दोन शब्द पुरतात. याच सुमारास आणखी एक घडामोड झाली. शेतीची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाने १९२८ साली आपला अहवाल दिला आणि पिके व हवामान यांच्या संबंधाचा शास्त्रीय अभ्यास व्हावा यावर भर दिला. पुढच्याच वर्षी शेती संशोधनासाठी मध्यवर्ती परिषद स्थापन झाली. तिच्या साहाय्याने १९३२ साली पुण्यात हवामान खात्याची कृषिशाखा सुरू झाली आणि तिची सूत्रे रामदास यांच्याकडे आली. शेजारीच पुण्याचे कृषी महाविद्यालय होते, त्याची शेते होती आणि त्या शेतांत दख्खनची काळी जमीन होती. प्रयोगशाळा म्हणून याहून चांगली जागा मिळाली नसती.

रामदास यांच्या कामाचे मर्म समजण्यासाठी वेधशाळेतील एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वर्तमानपत्रात आपण शहराचे तापमान वाचतो ते पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत मोजलेले असते. ही पेटी जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर असते. जगभर हीच पद्धत आहे आणि तुलनेसाठी ती योग्यही आहे. परंतु ज्वारीचे कोवळे रोप चार फुटांवर जगत नाही. हरभरा तर आयुष्यात कधी त्या उंचीला पोचत नाही. बी रुजते ते मातीत, अंकुर फुटतो तो मातीलगत, आणि तेथील ऊन, थंडी व दमटपणा पेटीतल्या आकड्यांपेक्षा फार वेगळा असतो. एप्रिल-मे महिन्यात पेटीतला पारा चाळिशीच्या आसपास असताना उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही वर तापतो. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या तळव्यांना हे ठाऊक होते. ते आकड्यांत आणि कार्यकारणभावात मांडण्याचे काम रामदास यांनी हाती घेतले. त्यांच्या सहकाऱ्यांत कट्टी, द्रविड, कलमकर, गद्रे, परांजपे ही नावे आढळतात. भारतातील सूक्ष्महवामानाच्या अभ्यासाचा पाया या मंडळींनी घातला.

कट्टी यांच्यासह रामदास यांनी मातीतील ओलीचा प्रश्न घेतला. पद्धत वरवर अगदी सोपी होती. मातीचा नमुना घ्यायचा, तोलायचा, भट्टीत वाळवून पुन्हा तोलायचा. जे वजन घटले ते पाण्याचे. पण एकच नमुना घेऊन भागत नाही. दिवसाच्या प्रहराप्रहराला, रात्री-अपरात्री, वेगवेगळ्या खोलीवरची माती घ्यावी लागते आणि त्याच वेळी जमिनीलगतच्या हवेतील बाष्पही मोजावे लागते. या चिकाटीतून जे चित्र उभे राहिले ते मोठे विलक्षण होते. पाऊस सरून आकाश निरभ्र झाल्यानंतर, वरवर कोरडी ठणठणीत दिसणारी जमीन निपचित पडून नसते. दिवसा उन्हाने तिच्या वरच्या थरातील ओल हवेत जाते. रात्री जमीन निवली की तीच माती हवेतील बाष्प पुन्हा शोषून घेते. दव पडलेले डोळ्यांना दिसत नाही तेव्हाही हे चालूच असते. सकाळी घेतलेले आणि संध्याकाळी शोषलेले असा जणू रोजचा हिशेब असतो आणि काळ्या चिकण मातीत तो अधिक ठळक दिसतो, कारण तिचे कण अतिसूक्ष्म असून बाष्प धरून ठेवण्याची त्यांची शक्ती मोठी असते. मात्र ही देवघेव चालते ती वरच्या पातळ थरातच. मुळांजवळच्या खोल ओलीत या रात्रीच्या कमाईने भर पडत नाही.

महाराष्ट्रात या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. सोलापूर, नगर, विजापूर या पट्ट्यातील रब्बी ज्वारी बहुतांशी परतीच्या पावसाने जमिनीत मुरलेल्या ओलीवर पिकते. पेरणीसाठी वाफसा साधणे, पुढे कोळपणी करून वरची माती भुसभुशीत ठेवणे, भेगा बुजवणे, हे सर्व उपाय त्या साठवणीची राखण करण्याचेच आहेत. वरचा थर कोरडा आणि मोकळा राहिला की खालची ओल वर येऊन उडून जाण्याची वाट तुटते, हे शेतकऱ्याने अनुभवाने जाणले होते. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात त्याच दशकात या उपायांची पद्धतशीर पारख होऊ लागली. पुण्यातील मोजमापांमुळे त्यांच्यामागचे भौतिकशास्त्र उजेडात आले.

द्रविड यांच्यासह केलेला एक प्रयोग तर कोणत्याही शाळेच्या मैदानावर करून पाहता येईल असा आहे. काळ्या जमिनीच्या एका तुकड्यावर खडूची पांढरी भुकटी पातळ पसरायची आणि शेजारचा तुकडा तसाच ठेवायचा. दोन्हींवर ऊन सारखेच. पण पांढऱ्या तुकड्याखालील माती लक्षणीय थंड राहते, कारण येणाऱ्या उन्हाचा मोठा वाटा परत फेकला जातो. सूर्याकडून आलेल्या उष्णतेची वाटणी कशी होते, किती परत जाते, किती मातीत मुरते, किती हवा तापवते आणि किती पाणी उडवण्यात खर्च होते, हा जमाखर्च रामदास यांनी मांडला. पिकांच्या पाण्याच्या गरजेचे आजचे गणित याच जमाखर्चाच्या पायावर उभे आहे.

परांजपे यांच्यासह त्यांनी तापलेल्या पृष्ठभागाला अगदी चिकटून असलेल्या हवेचे तापमान मोजले. तेथे तापमापी ठेवली तर तीच हवेला ढवळते, म्हणून प्रकाशकिरणांच्या व्यतिकरणाचा उपयोग केला. भर दुपारी डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते, लांबवर पाणी साचल्याचा भास होतो, ते सारे याच पातळ थरातले खेळ. कोलकात्याच्या अंधाऱ्या खोलीतील प्रकाशविद्या अशी पुण्याच्या रणरणत्या उन्हात कामाला आली.

परंतु रामदास यांचे नाव ज्या शोधाशी कायमचे जोडले गेले, तो रात्रीचा आहे.

सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडू लागते आणि थंड होते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर ती फार वेगाने निवते. तिच्या सान्निध्यातील हवा तिच्यामुळे थंड होते, त्यावरची थोडी कमी, त्याहून वरची आणखी कमी. तेव्हा रात्री सर्वांत थंड जागा म्हणजे खुद्द जमीन आणि वर जावे तशी हवा उबदार, असे पाठ्यपुस्तकांचे म्हणणे होते. तर्क निर्दोष होता. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी जमिनीपासून निरनिराळ्या उंचीवर तापमान मोजले तेव्हा मात्र आकडे वेगळेच बोलू लागले. सर्वांत कमी तापमान भुईवर नव्हते. ते तिच्यापासून काही सेंटिमीटर ते अर्धा मीटर उंचीवर, हवेत अधांतरी होते. तेथील हवा खालच्या जमिनीपेक्षाही काही अंशांनी थंड होती. १९३२ साली एका जर्मन भूभौतिकी नियतकालिकात त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

हे मान्य होण्यात मोठी अडचण होती. थंड हवा जड असते आणि उबदार हवा हलकी. जड हवा वर आणि हलकी खाली अशी रचना टिकू शकत नाही. ती क्षणात उलथून मिसळून जायला हवी. मग ही थंड चादर रात्रभर हवेत तरंगते कशी? त्याहून मूळचा प्रश्न असा की, थंडीचा उगम जमीन असेल तर हवा जमिनीहून थंड होईलच कशी? जाणकारांनी सरळ उत्तर काढले : मोजणाऱ्यांचे चुकले. तापमापीच रात्री उष्णता सोडून थंड होत असणार, किंवा जवळच्या उतारावरून गार हवेचा ओघळ येत असणार. एका पारतंत्र्यातील देशाच्या हवामान खात्यातून आलेले आकडे खोटे ठरवणे त्या काळी फारसे जड गेले नसावे, असे वाटल्यावाचून राहत नाही. तरीही न्यायाने पाहता शंका अगदीच अवाजवी नव्हती. अशा मोजणीत चुका शिरायला शंभर वाटा असतात.

यावर रामदास यांच्याजवळ शब्दांचे उत्तर नव्हते, जागांचे होते. निरीक्षणे एका गावची नव्हती. पुणे हे पठारावरचे, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. आग्रा उत्तरेच्या सपाट मैदानात. भद्राचलम गोदावरीच्या काठी. आणि चौथे ठिकाण मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, थेट समुद्रकिनाऱ्यावर. मद्रासला वेधांची परंपरा फार जुनी. तेथील वेधशाळा १७९२ सालची. दमट किनारपट्टीची हवा आणि आग्र्याची कोरडी हवा यांत साम्य ते काय? पुण्याच्या उताराचा दोष मद्रासच्या सपाटीवर कसा यावा? चारही ठिकाणी, उघड्या जमिनीवर, शांत निरभ्र रात्री हाच प्रकार दिसला होता. एखादी चूक इतक्या दूरच्या चार गावी एकाच रूपात प्रकटावी, हे काही संभवत नाही.

असे असूनही स्वीकार लांबला. १९५६ साली इंग्लंडमधून तशीच निरीक्षणे पुढे आली. त्याच सुमारास राश्के या जर्मन शास्त्रज्ञाने पुण्याला येऊन अत्यंत काटेकोर साधनांनी मोजमाप केले आणि १९५७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रामदास बरोबर होते. त्या थंड थराला आज जगभर रामदास थर म्हणतात.

नाशिककडील द्राक्षबागायतदारांना हा थर कळायला शास्त्राची गरज नाही, असे म्हणता येईल. कडाक्याच्या थंडीत, वारा पडलेल्या पहाटे ते बागेत शेकोट्या पेटवतात, पाण्याचे तुषार उडवतात. अशा रात्री जमिनीजवळच्या एक-दोन फुटांत नेमके कोठे किती गारठा आहे, यावर कोवळ्या फुटीचे भवितव्य ठरते आणि तेथे चार फुटांवरच्या पेटीतील आकडा फसवा ठरू शकतो. धुके जमिनीवर टेकण्याआधी हातभर उंचीवर अंथरल्यासारखे दिसते, त्याचाही या थराशी संबंध जोडला जातो.

एवढे सगळे रामदास यांनी खात्याची रोजची कामे सांभाळून केले, हे विसरता कामा नये. उसाच्या शेतात शिरून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकाच्या आतील हवा आणि बाहेरील उघड्यावरची हवा यांची तुलना केली. पीक आपल्यापुरते वेगळे हवामान कसे निर्माण करते ते दाखवले. १९४५ साली शेतकऱ्यांसाठी खास हवामानवार्ता आकाशवाणीवरून सुरू झाल्या. त्याच सुमारास देशभरच्या प्रयोगक्षेत्रांवर पिकांची वाढ आणि हवामान यांची एकत्र नोंद ठेवण्याची योजना आकारास आली. पश्चिम किनाऱ्यावर मोसमी पाऊस केव्हा स्थिरावेल याचा अंदाज आधी बांधता येईल काय, यावर जगन्नाथन आणि गोपाल राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९५४ सालचा. शेतकऱ्याने मृगाची वाट पाहायची ती किती दिवस, हाच तो जुना प्रश्न, पण आता गणिताच्या रूपात.

हवामान खात्यातून निवृत्त झाल्यावर ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत गेले. तेथे त्यांनी जो विषय घेतला, त्याने त्यांच्या आयुष्याचे एक वर्तुळ पुरे झाले. विषय होता जलाशयांतून वाफ होऊन उडून जाणारे पाणी वाचवण्याचा. आपल्या देशातील कोरड्या प्रदेशांत उघड्या तलावावरून वर्षाकाठी साधारणपणे दीड ते दोन मीटर उंचीचा पाण्याचा थर हवेत जातो. धरण उथळ असेल तर निम्मे पाणी माणसांच्या आधी सूर्यच पिऊन टाकतो.

यावर त्या काळी जगात एक उपाय चर्चेत होता. सीटाइल अल्कोहोल नावाचा पांढरा, मेणचट पदार्थ पाण्यावर अगदी थोडा टाकला तर त्याचे रेणू पृष्ठभागावर एकाला एक लागून उभे राहतात आणि केवळ एका रेणूच्या जाडीचा पडदा तयार होतो. हा पडदा डोळ्यांना दिसत नाही. पण वाफेची वाट अडवतो. ऑस्ट्रेलियात मॅन्सफील्ड यांनी तो जलाशयांवर वापरून पाहिला होता. रामदास यांनी भारतातील उन्हात, वाऱ्यात आणि धुळीत त्याची परीक्षा आरंभली. ज्याने तरुणपणी पाण्याचा पृष्ठभाग निर्मळ ठेवण्यासाठी जिवाचे रान केले, तोच आता मुद्दाम त्यावर परका पदार्थ पसरत होता.

या उपायाचे जितके गुणगान झाले तितके यश त्याला आले नाही आणि त्याची कारणेही उद्बोधक आहेत. ताटलीभर स्थिर पाण्यात पडदा छान काम करतो. मोठ्या तलावावर वारा सुटला की तो एका काठाला गोळा होतो. धूळ आणि तरंगणारा कचरा त्याला फाडतात, जिवाणू त्याला खाऊन टाकतात, म्हणून तो पुन्हा पुन्हा पसरावा लागतो. शिवाय वाफ थांबली की वाफेमुळे मिळणारा थंडावाही थांबतो. पाणी थोडे तापते आणि बचतीचा काही भाग गिळून टाकते. पिण्याच्या पाण्यावर असे काही पसरताना त्यातील मासळीला लागणारा प्राणवायू आत जाईल ना, पाण्याला बाधा येणार नाही ना, हेही पाहावे लागते. सीटाइल अल्कोहोल हा पदार्थ विषारी नाही. अंगाला लावायच्या मलमांतही तो वापरतात. परंतु पाण्याचा पृष्ठभाग हा नाजूक दरवाजा आहे, आणि सांडलेले तेल किंवा गटाराचा मळ त्यावर पसरला तर काय होते, याचा विचार करायला या प्रयोगांनी भाग पाडले. अर्धशतकापूर्वीच्या या धडपडीची आठवण २०१९ च्या जून महिन्यात अनेकांना व्हायला हवी होती. त्या वेळी चेन्नईला पाणी पुरवणारे पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले होते. पसरट आणि उथळ अशा या तलावांवरून, उन्हाळ्याच्या त्या महिन्यांत, नळाला न येताच किती पाणी आकाशात गेले असेल!

१९६० साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने त्यांचा क्रॉप्स अँड वेदर इन इंडिया हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे सार त्यात आहे. १९७९ साली रामदास यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या थराचे अस्तित्व सर्वमान्य झाले होते. त्याचे कारण मात्र कोणालाच नीटसे सांगता आले नव्हते.

ते कोडे पुढे बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी हाती घेतले. १९९३ साली रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सविस्तर सिद्धान्त मांडला. हवेतील बाष्प स्वतःच उष्णता सोडत असते आणि जमीन ही उष्णता सोडण्यात शंभर टक्के पटाईत नसते. या किंचित उणिवेमुळे जमिनीलगतची हवा जमिनीच्याही पुढे जाऊन थंड होते, असे त्यांचे म्हणणे होते. कित्येक वर्षे हे स्पष्टीकरण मान्य होते. नंतर बंगळूरच्याच जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील मंडळींनी त्यातील एक त्रुटी दाखवून दिली आणि प्रयोगशाळेत तसाच थर तयार करून पाहिला. त्यांचा कौल हवेत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांकडे, म्हणजे धूळ आणि धूर यांच्याकडे झुकला. जमिनीलगत हे कण दाट असतात, ते आकाशाकडे उष्णता सोडतात आणि त्यांच्याभोवतीची हवा निवते. जड हवा वर असूनही ती उलथत का नाही, याचेही उत्तर याच प्रारणाच्या हिशेबात शोधले जात आहे. पुणे, आग्रा, भद्राचलम आणि मद्रास येथे १९३२ पूर्वी नोंदलेले ते आकडे या सर्व निबंधांच्या आरंभी आजही उद्धृत केले जातात.